बावन्न किलोमीटरवरचा प्रक्षेपक : डिजिटल टेरेस्ट्रियल टीव्ही ग्रहणाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर

वडिलांच्या खोलीतला टीव्ही संध्याकाळी सातच्या बातम्यांना नेमका दगा देतो. चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज मध्येच गायब होतो, आणि पाच-दहा सेकंदांनी सगळे पूर्ववत होते. दुपारी हाच टीव्ही, हीच वाहिनी, तासन्‌तास एकही ठिपका न हलता चालते. गेली दोन वर्षे हा त्रास आहे, आणि त्यावर दोन वर्षांपूर्वी एकदा उपाय म्हणून छतावर ॲन्टेनाच्या खांबाला ॲम्प्लिफायर बसवण्यात आला होता. त्यानंतर सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावरची सिग्नलची पट्टी जवळजवळ पूर्ण भरली, पण चित्र तुटायचे ते तुटतच राहिले.

आजपासून हे काम पद्धतशीर हाती घेतो आहे. प्रादेशिक प्रक्षेपण केंद्रावरून आमच्याकडे तीन मल्टिप्लेक्स येतात, म्हणजे प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अनेक वाहिन्या एकत्र बांधलेले तीन प्रवाह. पहिला चॅनेल ३० वर, दुसरा ३४ वर आणि तिसरा ४६ वर आहे. २१व्या चॅनेलची मध्यवारंवारता ४७४ मेगाहर्ट्झ धरून पुढच्या प्रत्येक चॅनेलला ८ मिळवत गेले की या तिघांच्या मध्यवारंवारता ५४६, ५७८ आणि ६७४ मेगाहर्ट्झ येतात. पहिले दोन डीव्हीबी-टी या डिजिटल प्रक्षेपणाच्या जुन्या पद्धतीचे आहेत, तिसरा तिच्या पुढच्या पिढीचा, डीव्हीबी-टी२ चा, आणि तुटणारी बातम्यांची वाहिनी तिसऱ्यात आहे.

उद्दिष्ट एवढेच ठेवले आहे की तिन्ही मल्टिप्लेक्स सलग सात दिवस, चोवीस तास, दुरुस्त न झालेल्या एकाही चुकीशिवाय मिळावेत. प्रत्येक बदलाआधी आणि बदलानंतर मोजमाप घ्यायचे, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

४ ऑक्टोबर

छतावर चढण्याआधी कागदावरचा हिशेब केला. प्रक्षेपकापासून आमचे अंतर ५२ किलोमीटर आहे. इतक्या अंतरात पृथ्वीची वक्रता दुर्लक्षून चालत नाही. वातावरणात लहरी किंचित खाली वाकतात म्हणून पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश पट धरतात. तशी धरली तरी वाटेच्या मध्यावर जमिनीचा फुगवटा सुमारे ४० मीटर येतो. प्रक्षेपकाचा मनोरा भोवतालच्या प्रदेशापेक्षा २५० मीटर उंच आणि माझा ॲन्टेना १० मीटरवर धरला, तर रेडिओ क्षितिज ७८ किलोमीटरवर पडते. म्हणजे क्षितिजाची अडचण नाही.

पण नजरेची रेषा मोकळी असणे पुरेसे नसते. लहर त्या रेषेभोवती जागा व्यापून पुढे येते, आणि ५७० मेगाहर्ट्झला वाटेच्या मध्यावर या पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची त्रिज्या सुमारे ८३ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ५० मीटर, मोकळा हवा. नकाशावर मध्याच्या अलीकडे एक डोंगरसोंड आहे, ती या पट्ट्यात शिरते पण रेषा अडवत नाही. तेव्हा थोडा ऱ्हास होणार, पण ग्रहण अशक्य ठरावे असे काही दिसत नाही.

पूर्ण मोकळ्या अवकाशात ५२ किलोमीटरला ५७० मेगाहर्ट्झवर १२२ डेसिबल ऱ्हास होतो (डेसिबल हे शक्तीच्या प्रमाणाचे एकक, दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट किंवा निम्मी). प्रक्षेपकाची परिणामी शक्ती १० किलोवॉट, माझ्या ॲन्टेनाची वाढ १२ डेसिबल आणि केबलची घट ४ डेसिबल धरली, तर टीव्हीपाशी ६७ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका मायक्रोव्होल्टपेक्षा ६७ डेसिबल वरची पातळी, मिळायला हवी. डोंगरसोंड आणि झाडांपायी १५ ते २० डेसिबल गेले असे समजले तरी ४७ ते ५२ उरतात. टीव्हीच्या ट्यूनरला साधारण ४५ ते ६५ हवे असतात. हा आकडा मी वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवला, कारण त्याचा सरळ अर्थ असा की इथे ॲम्प्लिफायरची गरज मुळातच नसावी.

६ ऑक्टोबर

भाड्याने फील्ड मीटर, म्हणजे सिग्नल मोजणारे यंत्र, आणला. सेट-टॉप बॉक्सवरच्या टक्क्यांच्या पट्ट्यांवर विसंबून हे काम होत नाही, कारण ते टक्के कशाचे, हे प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो. मीटर दोन गोष्टी स्वच्छ सांगतो. एक म्हणजे पातळी, सिग्नल किती जोरात आहे ते. दुसरी म्हणजे एमईआर, मिळालेले सिग्नलचे बिंदू आदर्श जागेपासून किती ढळले आहेत याचे माप. एमईआर जितका जास्त, तितका सिग्नल स्वच्छ.

या दोहोंतला फरक हाच या कामाचा गाभा आहे, म्हणून तो इथे सविस्तर नोंदवतो. पहिल्या दोन मल्टिप्लेक्समध्ये एकेक वाहक लहर ६४ संभाव्य अवस्थांपैकी एका अवस्थेत असते, तिसऱ्यात २५६ पैकी एका. मीटरच्या पडद्यावर या अवस्था जाळीतल्या ठिपक्यांसारख्या दिसतात. सिग्नल स्वच्छ असला की प्रत्येक ठिपका टोकदार असतो, आणि गोंगाट, परावर्तन किंवा विकृती आली की तो पसरून कापसाच्या बोळ्यासारखा होतो. शेजारशेजारचे बोळे एकमेकांत शिरू लागले की ग्राहकाला कोणता बिंदू कोणाचा ते कळेनासे होते. ॲम्प्लिफायर ही जाळी मोठी करतो, पण तिच्याबरोबर बोळेही तेवढेच मोठे करतो. आत शिरलेली घाण त्याला बाहेर काढता येत नाही.

आजची दुपारची मोजमापे, सगळी केबलच्या टीव्हीकडच्या टोकाला घेतलेली: पातळी अनुक्रमे ७१, ७० आणि ६२ डेसिबल-मायक्रोव्होल्ट, एमईआर २४, २३ आणि २० डेसिबल. पातळी भरपूर आणि स्वच्छता बेताची, असे हे विचित्र चित्र आहे. शिवाय तिसरा चॅनेल पहिल्यापेक्षा ९ डेसिबलने खाली आहे. तिन्ही एकाच मनोऱ्यावरून सारख्याच शक्तीने येत असताना एवढा उतार असायचे कारण नाही.

८ ऑक्टोबर

काल सकाळी सातपासून आज सकाळी सातपर्यंत दर तासाला तिन्ही चॅनेल मोजले. रात्री गजर लावून उठलो, कारण सलग चोवीस तासांची नोंद नसेल तर संध्याकाळच्या दोषाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या मल्टिप्लेक्सचा एमईआर दुपारी २० होता. तो संध्याकाळी सहापासून घसरू लागला, आठ वाजता १७.६ वर आला, रात्री अकरानंतर सावरला आणि पहाटे तीनला २०.४ झाला. आमच्या बॉक्सवर या मल्टिप्लेक्सचे चित्र १८.५ च्या आसपास तुटू लागते, हे मी समोर बसून दोनदा पडताळले. पहिले दोनही संध्याकाळी दोन डेसिबलने घसरले, पण त्यांना अजून वाव होता म्हणून ते टिकले. म्हणजे आजार तिघांनाही आहे, आणि एकट्या तिसऱ्याच्या अंगात तो सोसण्याची ताकद नाही.

इथे डिजिटल ग्रहणाचा स्वभाव आडवा येतो. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल खालावला की पडद्यावर मुंग्या वाढत जात, आणि बिघाड होतो आहे हे महिनाभर आधी कळे. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करणारी गणिते शेवटपर्यंत सगळे झाकून धरतात. डीव्हीबी-टीमध्ये आतल्या थरात व्हिटर्बी पद्धत आणि बाहेरच्या थरात १९६० साली मांडला गेलेला रीड-सॉलोमन संकेत असतो, जो २०४ बाइटांच्या पुडक्यातल्या ८ चुकीच्या बाइटांपर्यंत दुरुस्ती करतो. डीव्हीबी-टी२ मध्ये त्यांची जागा अधिक समर्थ एलडीपीसी आणि बीसीएच संकेतांनी घेतली आहे. ही गणिते उत्तमच आहेत, पण त्यांची शक्ती संपते तिथे कडा आहे, आणि टी२ ची कडा आणखी उभी. अर्ध्या डेसिबलच्या अंतरात निर्दोष चित्र आणि कोरा पडदा असे दोन्ही अनुभव येतात. म्हणून चित्र चांगले दिसते का हा प्रश्न अपुरा पडतो, आणि कड्यापासून आपण किती डेसिबल आत उभे आहोत हे विचारावे लागते.

याच चोवीस तासांत मी ७९६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टाही मोजत होतो. तिथे मोबाइल मनोऱ्याचा सिग्नल आहे. जगाच्या ज्या भागात पूर्वी टीव्हीचा पट्टा ७९० मेगाहर्ट्झच्याही वर जात असे, तिथे तो वरचा भाग मोबाइल सेवेला दिला गेला, आणि पुढे अनेक देशांत टीव्हीची सीमा ६९४ मेगाहर्ट्झपर्यंत खाली आली. छतावरचे जुने ॲन्टेना आणि ॲम्प्लिफायर मात्र अजून जुन्याच सीमेपर्यंत सगळे उचलतात. आमच्याकडे चारशे मीटरवर असा एक मनोरा आहे. केबलच्या टोकाला त्याची पातळी दुपारी ९१ आणि संध्याकाळी आठला ९५ भरली. दोन आलेख एकाखाली एक ठेवले तर मोबाइलचा चढ आणि एमईआरची घसरण एकाच तासाला सुरू होतात आणि एकाच तासाला संपतात. संध्याकाळी लोक घरी येऊन फोन हातात घेतात, मनोरा जास्त वेळ जास्त शक्तीने बोलतो, आणि आमच्या बातम्या तुटतात.

१० ऑक्टोबर

ॲम्प्लिफायर काढण्याआधी त्याच्या बाजूने जे काही म्हणता येईल ते म्हणून पाहिले, कारण दोन वर्षे तो तिथे कोणाच्या तरी विश्वासाने बसला आहे.

ॲम्प्लिफायरचा खरा उपयोग ग्राहकाच्या स्वतःच्या गोंगाटावर मात करणे हा असतो. ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये नुसत्या उष्णतेमुळे सुमारे ३.६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट गोंगाट असतोच. ट्यूनर त्यात आपले ६ डेसिबल मिळवतो आणि गोंगाटाची जमीन साडेनऊच्या आसपास तयार होते. ४७ ची पातळी आली तर सिग्नल या जमिनीपेक्षा ३७ डेसिबल वर उभा असतो, आणि आपल्याला लागतात सुमारे २०. म्हणजे गोंगाटाच्या बाजूने १७ डेसिबल शिल्लक आहेत. जिथे पातळी ३० च्या खाली असते, किंवा केबल साठ-सत्तर मीटर लांब असते, तिथे खांबावरचा कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर खरोखर तारतो. साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा गोंगाटच सर्वांत निर्णायक असतो, हे रेडिओ अभियंता हॅराल्ड फ्रिसने १९४४ मध्ये सूत्रात मांडले आहे. आमच्या २२ मीटर केबलला आणि या पातळीला ते लागू होत नाही.

दुसऱ्या बाजूला, ॲम्प्लिफायरच्या झाकणावर त्याची कमाल उत्सर्जन पातळी १०३ डेसिबल-मायक्रोव्होल्ट छापली आहे. खांबावर चढून ॲन्टेनाच्या टोकालाच मीटर लावला तेव्हा मोबाइलचा सिग्नल संध्याकाळी ८४ मिळाला. त्यात ॲम्प्लिफायरची २४ डेसिबल वाढ मिळवली की १०८ होतात. म्हणजे हे यंत्र आपल्या मर्यादेच्या पाच डेसिबल पलीकडे ढकलले जात होते. अशा वेळी त्याची वाढ सरळ रेषेत राहत नाही, आणि जोरदार सिग्नलचा प्रत्येक चढउतार शेजारच्या दुबळ्या सिग्नलवर उमटतो. टीव्हीचे चॅनेल वारंवारतेत शंभरेक मेगाहर्ट्झ दूर असूनही त्यांचे ठिपके पसरत होते ते यामुळे.

ॲम्प्लिफायर काढला आणि केबलची दोन टोके साध्या जोडणीने जोडली. संध्याकाळी आठची मोजमापे: पातळी ४७, ४६ आणि ३८, एमईआर २८, २८ आणि २२. पातळी २४ डेसिबलने घसरली आणि स्वच्छता चार ते सात डेसिबलने वाढली. बॉक्सवरची सिग्नलची पट्टी अर्ध्यावर आली आहे आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सातच्या बातम्या अखंड दिसल्या. वडिलांनी काही न बोलता आवाज एका अंकाने कमी केला. तुटलेले शब्द पकडता यावेत म्हणून ते तो नेहमी वाढवून ठेवत असत.

काम इथे थांबवत नाही. तिसऱ्यावर साडेतीन डेसिबलची शिल्लक म्हणजे एका जोराच्या पावसाचे काम.

१३ ऑक्टोबर

तिसऱ्या चॅनेलच्या उताराचे कारण सापडले. ॲन्टेनापासून दीड मीटरवर केबलला एक सांधा आहे, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी सोडवली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची आट्यांची जोडणी, फिरवून काढला तर कडेला पांढरी भुकटी, आणि बाहेरची विणलेली जाळी चकचकीत राहण्याऐवजी राखाडी होऊन बोटांत चुरगळली. मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवा थर होता, नखाने खरवडला तसा तो पोपड्यांनी सुटला आणि खाली तार टोकाला जवळजवळ सुईसारखी झिजलेली दिसली. साधा सांधा ओला झाला तर एवढी झीज सहसा होत नाही. इथे ॲम्प्लिफायरला लागणारा एकदिश विद्युतप्रवाह याच केबलमधून वर जात होता, आणि ओल्या सांध्यात त्या विजेने तांबे विरघळवायचे काम दोन वर्षे चालू ठेवले.

केबल आतूनही ओली होती. चाकूने अर्धा मीटर कापली, तरी फेसाळ थर ओलाच. आणखी अर्ध्या मीटरवर कोरडा पांढरा थर लागला. पाणी जाळीतून केशाकर्षणाने खाली उतरते, म्हणून सांधा नुसता पुसून पुन्हा बांधणे व्यर्थ आहे. सबंध केबल बदलून टाकली, सांध्याशिवाय, अखंड २२ मीटर. ॲन्टेनापाशी केबलला खाली झुकणारा एक वळसा दिला, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता वळशाच्या तळाशी ठिबकेल. कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली, खालून वर, म्हणजे तिचे थर कौलांसारखे एकमेकांवर येतात.

आता पातळी ४९, ४९ आणि ४८. उतार गेला. वहीतला लाल शाईतला अंदाज ४७ ते ५२ चा होता. एमईआर २८, २८ आणि २४.

१५ ऑक्टोबर

ॲम्प्लिफायर नसला तरी मोबाइलचा सिग्नल अजून टीव्हीच्या सिग्नलपेक्षा तीस डेसिबलने वरचढ होऊन ट्यूनरच्या दारात उभा आहे. म्हणून ॲन्टेना आणि केबल यांच्या मध्ये ६९४ मेगाहर्ट्झच्या वरचे सगळे कापणारा फिल्टर बसवला. ७९६ वरची पातळी ४५ डेसिबलने खाली गेली, चॅनेल ४६ ला एका डेसिबलहूनही कमी तोटा झाला. एमईआर २९, २९ आणि २६. दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक आता मीटरवर दिसत नाही.

फिल्टर आधी आणि ॲम्प्लिफायर मग, हा क्रम कधीही उलटा करू नये. विकृती एकदा ॲम्प्लिफायरच्या आत तयार झाली की ती टीव्हीच्याच चॅनेलमध्ये येऊन बसते, आणि तिथून कोणताही फिल्टर तिला वेगळी करू शकत नाही.

१८ ऑक्टोबर

आज जोराचा वारा होता आणि तिसऱ्या मल्टिप्लेक्सचा एमईआर २६ वरून २१ पर्यंत झोके घेत होता. ॲन्टेनाचा खांब हलतो की काय म्हणून दोरीने ताणून बांधला, तरी झोके थांबले नाहीत. मग छतावर बसून ॲन्टेनाच्या दांडीच्या रेषेत डोळा लावला, बंदुकीची माशी लावावी तसा. समोर, चाळीस मीटरवर, एका मोठ्या झाडाचा शेंडा बरोबर रेषेत होता. वाऱ्याने तो डावीकडे झुकला की आकडा वर जाई, उजवीकडे परतला की खाली येई. दहा मिनिटे मी एक डोळा झाडावर आणि एक मीटरवर ठेवून बसलो, आणि शेवटी मीटर न बघताच आकडा सांगता येऊ लागला.

पाने आणि फांद्या ओल्या असल्या की जास्त शोषतात, आणि ५७८ पेक्षा ६७४ मेगाहर्ट्झला त्रास जास्त होतो. म्हणून पावसात तिसरा मल्टिप्लेक्स आधी जात असे, हे वडिलांचे जुने निरीक्षण बरोबरच होते.

१९ ऑक्टोबर

वारा पडल्यावर ॲन्टेना हातात धरून छताचा सर्व्हे केला. आधी आहे त्याच जागी उंची ३० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी बदलून पाहिली. उंच म्हणजे चांगले, ही समजूत इथे टिकली नाही. सर्वांत वरच्या टप्प्यावर एमईआर खालच्यापेक्षा दीड डेसिबलने कमी होता, कारण तिथे थेट येणारी लहर आणि शेजारच्या पत्र्यावरून परावर्तित होणारी लहर एकमेकींना मारत होत्या. मग आडवे सरकत गेलो. मूळ जागेपासून चार मीटर पूर्वेला, छताच्या दुसऱ्या टोकाला, झाडाचा शेंडा रेषेतून बाहेर गेला आणि आकडा एकदम उडी मारून वर आला.

खांब तिथे हलवला. पातळी ५२, ५२ आणि ५१, एमईआर ३१, ३२ आणि ३०. तीन डेसिबल पातळी म्हणजे दुप्पट शक्ती, आणि ती एक रुपयाही न खर्चता, केवळ चार मीटर चालून मिळाली. ॲन्टेना तोच जुना, यागी-उदा रचनेचा. १९२६ मध्ये जपानच्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी मांडलेली ही रचना, एक सक्रिय द्विध्रुव, मागे परावर्तक आणि पुढे दिशादर्शक दांड्यांची रांग, आज शंभर वर्षांनीही बदलावीशी वाटत नाही. जी वस्तू बदलायची गरज नव्हती ती आम्ही बदलली नाही, याचे मला समाधान आहे.

२० ऑक्टोबर

मीटर परत करण्याआधी आवेग प्रतिसाद पाहिला, म्हणजे मुख्य सिग्नलनंतर कोणते प्रतिध्वनी किती उशिरा येतात ते. पहिल्या दोन मल्टिप्लेक्सवर १२७ मायक्रोसेकंदांनी एक ठळक प्रतिध्वनी आहे. तो डोंगराचा नव्हे, त्याच चॅनेलवर तेच प्रक्षेपण करणाऱ्या दुसऱ्या केंद्राचा, कारण १२७ मायक्रोसेकंद म्हणजे ३८ किलोमीटरचा जास्तीचा प्रवास, आणि नकाशावर त्या केंद्राचे गणित तेवढेच येते. या मल्टिप्लेक्समध्ये ८९६ मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक चिन्हाआधी (माहितीच्या एका तुकड्याआधी) २२४ मायक्रोसेकंदांचा रक्षक अवकाश, म्हणजे उशिरा येणारे प्रतिध्वनी सामावून घेणारी मोकळीक, ठेवलेला असतो. ६७ किलोमीटरपर्यंतचा जादा प्रवास त्यात सामावतो, त्यामुळे हा दुसरा सिग्नल उपद्रव न करता उलट हातभार लावतो.

तिसऱ्यावर रक्षक अवकाश अवघा २८ मायक्रोसेकंदांचा आहे. त्याबदल्यात तो एकाच चॅनेलमध्ये सुमारे ४० मेगाबिट वाहून नेतो, पहिल्या दोघांच्या दुप्पट. तिथे बाजूच्या डोंगराचा २० मायक्रोसेकंदांवरचा एक क्षीण प्रतिध्वनी दिसला, अवकाशाच्या आतच.

मीटर आणखी दोन आठवडे ठेवून घ्यायचे ठरवले.

२४ ऑक्टोबर

पहाटे पाचला पहिला मल्टिप्लेक्स दोनदा तुटला. पातळी कमी झालेली नव्हती, उलट एका डेसिबलने वाढली होती, आणि एमईआर मात्र ३१ वरून १८ पर्यंत गेला. दुसरा आणि तिसरा जागच्या जागी होते. एकाच चॅनेलवर असे व्हावे याचा अर्थ घरातल्या साखळीत दोष नाही, त्याच चॅनेलवर बाहेरून कोणीतरी आले आहे.

बाहेर दाट धुके होते, हवा निश्चल, वायुभार तीन दिवस चढलेला. अशा हवेत जमिनीलगत थंड आणि वर उबदार कोरडा थर बसतो, आणि त्या दोहोंमधल्या सीमेत लहरी नळीतून वाहाव्यात तशा वाहत शेकडो किलोमीटर जातात. ॲन्टेना हळूहळू फिरवला. नेहमीच्या दिशेपासून ७० अंशांवर चॅनेल ३० वर एक वेगळाच मल्टिप्लेक्स पकडला गेला, ज्याच्या नेटवर्कचा क्रमांक आमच्या केंद्राचा नव्हता. सूर्य वर आल्यावर तासाभरात तो नाहीसा झाला. वारंवारतांच्या वाटपाच्या योजना बनवताना अशा दिवसांची जाणीव ठेवलेलीच असते. वेळेच्या काही थोड्या भागात असा हस्तक्षेप होणार हे गृहीत धरून ती योजना आखतात, नाहीतर चॅनेल पुन्हा वापरताच आले नसते.

२८ ऑक्टोबर

पुन्हा तेच हवामान आणि पहाटे तोच पाहुणा. आज तयारीने वर गेलो. यागी-उदा ॲन्टेनाचा मुख्य झोत रुंद आणि सपाट असतो, पण त्याच्या बाजूच्या शून्यदिशा अरुंद आणि खोल असतात. मुख्य झोत प्रक्षेपकापासून थोडा ढळला तरी फार बिघडत नाही, आणि तेवढ्यात एखादी शून्यदिशा उपद्रवी केंद्रावर आणून ठेवता येते. ॲन्टेना ८ अंश फिरवला. आपल्या सिग्नलची पातळी जेमतेम एका डेसिबलने घटली आणि पहिल्याचा एमईआर २१ वरून २६ झाला. खांबावर रंगाने खूण करून तो तसाच घट्ट केला. सर्वांत वाईट पहाटेला तरी २६ उरतात, तर उरलेल्या वर्षासाठी एक डेसिबल सोडणे मला मान्य आहे.

६ नोव्हेंबर

३० ऑक्टोबरच्या सकाळपासून आज सकाळपर्यंत सात दिवसांची नोंद पूर्ण झाली. दुरुस्त न झालेल्या चुका तिन्ही मल्टिप्लेक्सवर शून्य. तिसऱ्याचा किमान एमईआर २८.४, तोही ३ नोव्हेंबरच्या पावसात. कड्यापासून दहा डेसिबल आत.

आज स्वयंपाकघरातल्या टीव्हीसाठी दोन वाटांचा स्प्लिटर लावला. त्याचे ४ डेसिबल वजा जाऊन पातळी ४७, ४७ आणि ४६ राहिली, एमईआरमध्ये अर्ध्या डेसिबलचाही फरक नाही. दोन टीव्हींना जोडायचे म्हणजे ॲम्प्लिफायर हवाच, असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले होते. ते इथे लागू होत नाही, आणि का होत नाही ते १० ऑक्टोबरच्या नोंदीत आहे.

आजची तिन्ही चॅनेलची पातळी, एमईआर, ॲन्टेनाची दिशा, केबलची लांबी आणि तारीख एका कागदावर लिहून तो कागद वडिलांच्या टीव्हीच्या मागे चिकटवला आहे. पुढे कधी चित्र तुटले आणि दुसरे कोणी छतावर चढले, तर त्यांनी आधी या आकड्यांशी तुलना करावी आणि त्यानंतरच पिशवीतून ॲम्प्लिफायर काढावा, असेही त्याच कागदावर खाली लिहिले आहे.